वाचकांचे प्रश्न : जुन्या डेस्कटॉपची रॅम आणि डिस्क

या वेळचे बरेचसे प्रश्न जुना डेस्कटॉप हळू चालण्याबद्दल आणि त्यात नवे भाग बसवण्याबद्दल होते. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : २०१२ सालचा डेस्कटॉप आहे. आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. चालू केल्यावर माऊस हलतो, पण दहा मिनिटं काहीच उघडत नाही. एक जण म्हणतो रॅम वाढवा, दुसरा म्हणतो एसएसडी टाका. आधी काय करू?

बहुतेक एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर साठवणारी डिस्क. पण अंदाजावर पैसे घालण्याआधी मशीनलाच विचारा. सुरू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' पानावर डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली आणि मेमरी साठ-पासष्ट टक्क्यांवर दिसली, तर अडलंय ते डिस्कपाशी.

कारण साधं आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हेड योग्य जागी सरकायला ८-९ मिलिसेकंद, आणि मग हवा तो भाग हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा. एका तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद गेले, की सेकंदाला जेमतेम ७५-८० तुकडे वाचून होतात. विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे मागते, तेही डिस्कभर विखुरलेले. अँटिव्हायरस आणि अपडेटची मागणी त्याच वेळी येते. एसएसडीत फिरणारं काही नसल्यामुळे तेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशोबात होतं. सगळा फरक इथे पडतो.

यात एक फसगत आहे. रॅम कमी पडली की विंडोज रॅममधला मजकूर डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये टाकते आणि लागेल तसा परत आणते. तेव्हाही डिस्क १०० टक्केच दिसते! म्हणून दुसरी तपासणी करा. रोज एकत्र वापरता ते सगळं उघडा, म्हणजे ब्राउझरचे नेहमीचे टॅब, वर्ड, हिशोबाचं सॉफ्टवेअर, आणि मेमरीच्या पानावर 'कमिटेड' बघा. तिथे ६.३/८.९ असा आकड्यांचा जोड असतो. डावा आकडा म्हणजे चालू प्रोग्रॅमांनी मिळून मागितलेली जागा. रॅम ४ जीबी आणि हा आकडा सहाच्या वर असेल, तर रॅमही हवीच. एसएसडी टाकल्यावर हा त्रास जाणवेनासा होतो, पण तो गेलेला नसतो.

तुमच्या मशीनला २४० किंवा २५० जीबीची एसएसडी आणि एकूण ८ जीबी रॅम पुरे. १६ जीबी तेव्हाच, जेव्हा व्हर्च्युअल मशीन, व्हिडिओ एडिटिंग किंवा फोटोंचं जड काम असेल. रिकामी पडून राहिलेली रॅम काहीच वेगवान करत नाही.

प्रश्न : मदरबोर्ड डीडीआर३चा आहे म्हणून ८ जीबीची डीडीआर३ स्टिक आणली. माझ्या पीसीत डिस्प्लेच येत नाही, पण मित्राच्या पीसीत तीच स्टिक चालते. स्टिक खराब की बोर्ड?

दोन्ही ठीक असण्याचीच शक्यता जास्त. (डीडीआर३ म्हणजे रॅमची एक पिढी, आणि स्टिक म्हणजे रॅमची पट्टी.) रॅमवर सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी बोर्डाची मर्यादा बघा. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम चालवला की 'मेनबोर्ड' पानावर चिपसेट, म्हणजे बोर्डाची मुख्य नियंत्रक चिप, कळतो. जी३१ असेल तर कमाल ४ जीबी, जी४१ असेल तर ८ जीबी, एच६१ असेल तर दोन स्लॉट मिळून १६ जीबी. या मर्यादेच्या पलीकडे कितीही चांगली स्टिक लावून उपयोग नाही.

मर्यादेच्या आत असूनही चालली नाही, तर स्टिकवरच्या काळ्या चिप मोजा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या इंटेल आय-मालिकेतला मेमरी कंट्रोलर जास्तीत जास्त ४ गिगाबिटची, म्हणजे ५१२ एमबीची एक चिप ओळखतो. त्या हिशोबाने ८ जीबीला १६ चिप लागतात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. तुमच्या स्टिकला एकाच बाजूला आठ चिप असतील तर प्रत्येक चिप १ जीबीची आहे, आणि ती तुमच्या प्रोसेसरला ओळखता येत नाही. मित्राचा पीसी नंतरच्या पिढीचा असेल तर तिथे ती बिनतक्रार चालणारच. जी४१ बोर्डात हीच अट एक पायरी खाली येते. तिथे ४ जीबीची स्टिकसुद्धा १६ चिपवाली हवी.

दुसरा प्रकार 'फक्त एएमडीसाठी' म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या स्टिकचा. त्यात एकेक चिप ४ बिट रुंद असते. साध्या डेस्कटॉपच्या स्टिकमध्ये ती ८ बिट रुंद असते. इंटेलच्या डेस्कटॉप बोर्डांना ही ४ बिटची मांडणी चालत नाही. इथे चिप मोजून काही कळत नाही, कारण त्या १६च दिसतात. लेबलवर 'एक्स८' लिहिलेलं असलं की निश्चिंत. 'एक्स४' असेल तर घेऊ नका.

लेबलवरचं आणखी एक अक्षर पाहून घ्या. पीसी३-१२८०० या आकड्यानंतर 'यू' असेल तर ती साधी डेस्कटॉप स्टिक. 'आर' असेल तर सर्व्हरची रजिस्टर्ड स्टिक, ती स्लॉटमध्ये नीट बसते पण मशीन सुरू होत नाही. 'एस' असेल तर लॅपटॉपची, ती आखूडच असते. आकड्याचा अर्थ असा : १०६०० म्हणजे १३३३चा वेग आणि १२८०० म्हणजे १६००चा. वेगवेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या तर सगळ्या सर्वांत हळू स्टिकच्या वेगाने चालतात. यात नुकसान फारसं नाही, आणि दुसऱ्या पिढीचे आय३, आय५ अधिकृतपणे १३३३च्या पुढे जातही नाहीत. 'पीसी३एल' म्हणजे १.३५ व्होल्टची स्टिक. ती १.५ व्होल्टवरही चालते, त्यामुळे डीडीआर३च्या जुन्या बोर्डाला सहसा चालून जाते.

डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका. ती त्या स्लॉटची नाहीच.

प्रश्न : ४ जीबी रॅम लावली पण विंडोज ३.२ जीबीच वापरता येईल असं सांगतं. उरलेली कुठे गेली?

विंडोज ३२ बिटचं असेल तर उत्तर संपलं. ३२ बिटमध्ये पत्ते ४ जीबीपुरतेच, आणि त्यातले काही ग्राफिक्स आणि इतर भागांसाठी राखीव. ६४ बिट विंडोज नव्याने टाकावं लागेल. ३२ वरून ६४ वर अपडेट करून जाता येत नाही.

६४ बिट असूनही असंच दिसत असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) 'मेमरी रीमॅप' नावाची सेटिंग शोधा आणि चालू करा. तरीही आकडा तोच राहिला, तर रन खिडकीत एमएसकॉन्फिग टाइप करून 'बूट' पानावरचे 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडा. 'मॅक्सिमम मेमरी'पुढे बरोबरची खूण असेल तर ती काढा. ती खूण केल्याने वेग वाढतो असा एक गैरसमज आहे, आणि लोक खूण करून विसरून जातात. ऑनबोर्ड ग्राफिक्सने घेतलेले शंभर-दोनशे एमबी मात्र परत मिळत नाहीत.

प्रश्न : नवी स्टिक लावल्यापासून कधी लांब बीप वाजतात आणि स्क्रीन काळी राहते, कधी सगळं ठीक चालतं आणि तासाभराने निळी स्क्रीन येते.

वायर भिंतीतल्या सॉकेटमधून काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे एसएमपीएसमध्ये (पॉवर सप्लायमध्ये) साठलेला चार्ज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, मग स्टिक काढा. सोनेरी पट्ट्यांवर काळपटपणा असेल तर पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा आणि खोडरबराचा चुरा पूर्ण झाडा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड असेल तर ते अधिक बरं. स्लॉटमध्ये ब्रशने धूळ काढा, फुंकर मारू नका. थुंकीची वाफ आत जाते.

बसवताना खाच जुळवून दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ दाबा. दोन्ही क्लिपांचा 'कट्' असा आवाज यायला हवा. काही बोर्डांना एकाच बाजूला हलणारी क्लिप असते आणि दुसरं टोक अर्धवट वर राहिलेलं लक्षात येत नाही. 'कधी चालतं, कधी नाही' हे लक्षण बहुतेकदा त्याचंच असतं. बाजूने वाकून बघा, सोनेरी पट्टीची कड एका टोकाला जास्त दिसत असेल तर स्टिक तिरकी बसली आहे.

मग एका वेळी एकच स्टिक लावून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवा. निदान एक पूर्ण फेरी, जमलं तर रात्रभर. एक चूक दिसली तरी स्टिक नापास. 'एकच तर आहे' असं इथे चालत नाही, कारण तीच चूक उद्या फाइल खराब करून ठेवते. दोन्ही स्टिक एकेकट्या पास होतात पण एकत्र नापास होतात, असं झालं तर बायोसमध्ये रॅमचा वेग एक पायरी खाली आणा, १६०० वरून १३३३. जुन्या बोर्डांना चारही स्लॉट भरल्यावर हे हमखास करावं लागतं.

चार स्लॉट असतील आणि स्टिक दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट धरतात. बोर्डावर छापलेलं असतं, तेच प्रमाण. एक ८ जीबी लावण्यापेक्षा ४-४ची जोडी बरी, कारण प्रोसेसर आणि रॅममधले दोन्ही मार्ग (चॅनेल) वापरले जातात. ऑनबोर्ड ग्राफिक्स वापरत असाल तर हा फरक जाणवतो, एरवी फारसा नाही.

प्रश्न : माझ्या बोर्डावर साटा २ पोर्ट आहेत. साटा ३ची एसएसडी लावण्यात अर्थ आहे का?

आहे. साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडण्याची पद्धत. साटा २ची कमाल ३०० एमबी सेकंदाला, प्रत्यक्षात २६०-२८० मिळतात. त्याच एसएसडीला साटा ३वर साडेपाचशेच्या आसपास मिळाले असते. पण हा हिशोब मोठ्या फाइली कॉपी करतानाचा. रोजच्या कामात लागतात ते बारीक तुकडे, आणि तिथे साटा २सुद्धा आडवा येत नाही. केबलही जुनीच चालेल, फक्त टोकाची क्लिप ढिली नसावी.

एच६१ बोर्डांवर चिपसेटचे सगळे पोर्ट साटा २च असतात, त्यामुळे तिथे शोधाशोध करू नका. एच६७, पी६७ असेल तर साटा ३चे दोन पोर्ट असतात, आणि एसएसडी त्यांवरच लावा, त्याला आणखीही एक कारण आहे. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने जाहीर केलं होतं, की या मालिकेच्या पहिल्या चिपसेटमध्ये साटा २चे पोर्ट काळाच्या ओघात कमकुवत होऊ शकतात. सुधारित चिपसेट नंतर आले, पण अगदी सुरुवातीचे काही बोर्ड वापरात राहिले. त्या दोषाचा साटा ३च्या दोन पोर्टांशी संबंध नव्हता.

अडीच इंची एसएसडीसाठी ब्रॅकेट नसला तर ती कॅबिनेटच्या पत्र्याला दुहेरी टेपने चिकटवली तरी चालते. हार्ड डिस्कला हे कधीही करू नका.

प्रश्न : ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवरून २४० जीबीच्या एसएसडीवर विंडोज १० जसंच्या तसं नेलं. चालू झालं. मग बायोसमध्ये आयडीई होतं ते एएचसीआय केलं आणि निळी स्क्रीन आली. फॉरमॅट मारावा लागेल का?

नाही. आयडीई आणि एएचसीआय या बोर्डाने डिस्कशी बोलण्याच्या जुन्या आणि नव्या पद्धती. बायोसमध्ये परत आयडीई करा, विंडोज पहिल्यासारखं उघडेल. निळ्या स्क्रीनवरचं 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणजे विंडोजला डिस्क सापडली नाही एवढंच. आयडीईमध्ये टाकलेलं विंडोज एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीला चढवत नाही. तो चढवायला लावण्याची सोपी वाट सेफ मोडमधून जाते :

१. आयडीईतच विंडोज उघडा. एमएसकॉन्फिग, 'बूट' पान, 'सेफ बूट'वर खूण, 'मिनिमल'. ओके.
२. रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, सेव्ह करा.
३. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल. इथे पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड आधीच हाताशी ठेवा.
४. पुन्हा एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन खूण काढा आणि रीस्टार्ट करा. हे राहून गेलं तर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच उघडत राहील.

डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) लावलेलं असेल तर सुरुवातीलाच ते सस्पेंड करा, नाहीतर मधेच रिकव्हरी की मागेल. विंडोज ७ मध्ये हा उपाय चालत नाही. तिथे रजिस्ट्रीत 'एमएसएएचसीआय' या सेवेचा 'स्टार्ट' हा आकडा आधी ० करावा लागतो.

एएचसीआयचा फायदा म्हणजे एसएसडीला एकाच वेळी अनेक मागण्या घेता येतात. आयडीईत त्या एकामागून एक जातात.

अशीच निळी स्क्रीन काही महिन्यांनी, काहीही न बदलता आली आणि सोबत घड्याळही मागे गेलेलं असेल, तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. सेल गेला की बायोस मूळ सेटिंगवर जातं, आणि जुन्या बोर्डांची मूळ सेटिंग बऱ्याचदा आयडीईच असते. दहा वर्षांपूर्वीच्या मशीनला एसएसडी टाकताना हा सेल त्याच बैठकीत बदलून टाका.

क्लोन, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, अजून केला नसेल त्यांच्यासाठी : मोठ्या डिस्कवरून छोटीवर जाताना सी ड्राइव्ह आधी 'डिस्क मॅनेजमेंट'मधून लहान करावा लागतो. तो पुरेसा लहान होत नसेल तर हायबरनेशन, पेज फाइल आणि सिस्टिम रीस्टोर तात्पुरतं बंद करा. या फाइली मधेच ठाण मांडून बसतात आणि हलत नाहीत. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही जोडलेल्या असल्या तर कधी जुन्याच डिस्कवरून विंडोज उघडतं आणि 'एसएसडी टाकून फरक पडला नाही' अशी तक्रार येते.

प्रश्न : क्लोन दर वेळी ३७ टक्क्यांवर अडकतो. सॉफ्टवेअर बदलून पाहिलं.

दर वेळी एकाच जागी अडकतो, म्हणजे डिस्कचा तो भाग वाचला जात नाही. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तीन ओळी बघा. ०५ म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर, सी७ म्हणजे केबलमधल्या चुका. सी५ शून्य नसेल तर क्लोनचा नाद सोडा. आधी महत्त्वाच्या फाइली नेहमीच्या कॉपी-पेस्टने बाहेर काढा. चेकडिस्क त्याआधी चालवू नका, मरणाऱ्या डिस्कला तो अखेरचा धक्का ठरू शकतो. पूर्ण डिस्कच हवी असेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवा. ते अडलेला भाग सोडून पुढे जातं आणि शेवटी मागे वळून त्या भागाचा प्रयत्न करतं.

फक्त सी७ वाढलेला असेल तर डिस्कला दोष देऊ नका. साटा केबल बदला. जुना आकडा शून्यावर येत नाही, पण वाढायचा थांबला म्हणजे काम झालं.

प्रश्न : साठवणीसाठी ४ टीबीची डिस्क घेतली, पण २ टीबीच वापरता येते.

डिस्क एमबीआर या पार्टिशनच्या जुन्या पद्धतीने इनिशियलाइझ झाली आहे. एमबीआरमध्ये सेक्टरचा क्रमांक ३२ बिटचा असतो. ५१२ बाइटच्या सेक्टरने गुणलं की साधारण २.२ टीबी होतात, विंडोजच्या मोजणीत २ टीबी. डिस्क रिकामी असताना 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये सगळी पार्टिशन काढा, डिस्कच्या नावावर राइट-क्लिक करून जीपीटी या नव्या पद्धतीत बदला. मग ३.६३ टीबी दिसेल, आणि तो आकडा पूर्णच आहे. कंपनी १,००० च्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. जुन्या बायोसवर जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू होत नाही, पण दुसरी डिस्क म्हणून काही अडचण नाही.

डिस्क एखाद्या यूएसबी खोक्यातून काढलेली असेल आणि जोडल्यावर फिरतच नसेल, तर दोष वायरीत आहे. अशा काही डिस्कमध्ये पॉवरच्या तिसऱ्या पिनेवर व्होल्टेज आलं की डिस्क बंद राहते, आणि जुने एसएमपीएस तिथे ३.३ व्होल्ट देतात. मोलेक्स (जुना चार पिनांचा पॉवर प्लग) ते साटा कनेक्टर वापरला की ती वायर येतच नाही. त्यात प्लास्टिक ओतून बंद केलेले कनेक्टर टाळा. आत वायरी एकमेकींना टेकून ते जळाल्याची उदाहरणं आहेत. वायर उघडी दिसेल असे दाबून बसवलेले कनेक्टर घ्या.

प्रश्न : पीसीआय एक्स्प्रेस कार्डावर एनव्हीएमई एसएसडी लावून जुन्या बोर्डात चालवता येईल का?

एनव्हीएमई म्हणजे साटाऐवजी पीसीआय एक्स्प्रेसवरून चालणारी एसएसडी. विंडोज १०, ११ मध्ये ती दुसरी डिस्क म्हणून चालवता येईल. तिच्यावरून विंडोज सुरू करायला मात्र बायोसमध्ये एनव्हीएमईची सोय लागते, आणि साधारण २०१४ च्या आधीच्या बोर्डांत ती नसते. पेनड्राइव्हवर बूटलोडर ठेवून वाट काढणारे आहेत, पण तो पेनड्राइव्ह गेला की मशीन बसलं. कार्ड घेताना एवढं बघा : एम.२ आकाराच्या साटा एसएसडीही मिळतात, दिसायला जवळपास तशाच, आणि त्या या कार्डावर चालत नाहीत. जुन्या बोर्डात विंडोजसाठी अडीच इंची साटा एसएसडीच घ्या.